धुरातून दिसलेलं कोल्ड स्टोरेज

ओझरला, म्हणजे नाशिकच्या विमानतळावर, उतरायला अकरा मिनिटं राहिली होती आणि खाली निफाड तालुका दिसत नव्हता. दिसत होती ती एक करडी गोधडी, पार टोकापर्यंत अंथरलेली. वर लख्ख ऊन, आकाश धुतल्यासारखं निळं आणि खाली काहीच नाही.

"फॉग आहे का सर?" शलाकानं विचारलं.

"फॉग नाही. धूर आहे," मी म्हणालो आणि हसलो. ते हसणं पुढं मला बरंच महागात पडलं.

शलाका माझी फर्स्ट ऑफिसर, म्हणजे उजव्या सीटवरची पायलट. लोक तिला को-पायलट म्हणतात आणि त्यांना वाटतं, ती कॅप्टनची मदतनीस. तसं नसतं. एका फेरीला मी विमान चालवतो, तेव्हा ती रेडिओवर बोलते, आकडे बघते आणि माझ्यावर नजर ठेवते. पुढच्या फेरीला उलट. मूळची अकोल्याची, कमी बोलणारी, प्रवासी विमानावर येऊन जेमतेम एक वर्ष झालेलं. त्या दिवशी विमान चालवायची पाळी माझी होती. मी ती मुद्दाम मागून घेतली होती, कारण ते माझं शेवटचं उड्डाण होतं. आपल्याकडे पासष्टी भरली की एअरलाइनच्या पायलटला घरी बसवतात. माझी भरायला तीन दिवस होते.

हैदराबाद-नाशिक हीच फेरी मला हवी होती, त्याचं कारण पहिल्या रांगेत खिडकीशी बसलं होतं. आप्पा, माझे वडील. वय सत्त्याऐंशी, डोक्यावर टोपी, मांडीवर पिशवी. पिशवी वर ठेवा म्हटलं तर ऐकत नव्हते. एकोणतीस वर्षं मी विमान चालवलं आणि त्या एकोणतीस वर्षांत आप्पा एकदाही माझ्या विमानात बसले नाहीत. बोलावलं की उत्तर ठरलेलं. ऑक्टोबरात छाटणी, मग घड औषधात बुडवायचं डिपिंग, मग थंडी, मग माल काढायचा, एप्रिलला परत छाटणी. द्राक्षाच्या बागेला रजा नसते आणि आप्पांनाही नव्हती. या वेळी मात्र माझ्या मुलीनं डाव साधला. ती हैदराबादला असते. तिनं आजोबांना रेल्वेनं चार दिवसांसाठी नेलं आणि परतीचं तिकीट माझ्या विमानाचं काढलं. जानेवारीत बाग सोडून आल्याबद्दल आप्पा चारही दिवस कुरकुरत होते, असं तिनं मला सांगितलं.

ओझरच्या विमानतळावर माझा धाकटा भाऊ बापू, गावातली पंधरा-वीस माणसं आणि एक भला मोठा हार वाट बघत होता. आमचं गाव पिंपळगाव बसवंतच्या शेजारी, विमानतळापासून मोटारसायकलनं वीस मिनिटं. म्हणजे बेत असा, की आप्पांना घेऊन मी माझ्या गावच्या मातीत शेवटचा उतरणार. पोरकट वाटेल, पण सहा महिने मी या एका लँडिंगची स्वप्नं बघत होतो.

आता या धुराबद्दल. जानेवारीत मण्यात पाणी उतरलेलं असतं, म्हणजे द्राक्षाचा मणी मऊ आणि गोड व्हायला लागलेला असतो. अशा वेळी पहाटे पारा फार खाली गेला की मण्याला तडा जातो आणि वर्षाचा माल वाया जातो. म्हणून आमच्याकडे बागेत शेकोट्या पेटवतात. छाटणीच्या वाळलेल्या काड्या खाली आणि वर ओला पालापाचोळा, म्हणजे जाळ कमी आणि धूर जास्त. हा धूर बागेवर पांघरुणासारखा राहतो. वर जात नाही, कारण थंडीत जमिनीलगतची हवा गार आणि तिच्यावरची हवा कोमट असते, त्यामुळे धुरावर झाकण बसतं. ऊन चांगलं तापलं की झाकण निघतं. लहानपणी पहाटे आप्पांच्या मागं ओळीओळीतून फिरायचं आणि विझत आलेली शेकोटी काठीनं उकरायची हे माझं काम होतं. तसाच शाळेत जायचो. अर्ध्या वर्गाच्या कपड्यांना तो वास यायचा, त्यामुळे कुणाला काही वाटायचं नाही.

तो वास आम्ही धुरात शिरलो तेव्हा कॉकपिटमध्ये आला. विमानातली हवा बाहेरूनच घेतलेली असते, त्यामुळे बाहेरचा वासही आत येतो. मला एकदम बरं वाटलं. काय सांगू, छाती भरून आली. त्याच क्षणी शलाकाचा हात ऑक्सिजन मास्ककडे गेला. कॉकपिटमध्ये धुराचा वास आला की तो विमानातल्या आगीचा धरायचा आणि मास्क लावायचा, हा आमचा नियम. कुठला धूर हे नंतर शोधायचं.

"राहू दे," मी म्हणालो. "काड्यांचा आहे. आमच्या गावचा."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मास्क लावला नाही, पण हात काही लगेच काढला नाही. ही माझी त्या दिवशीची पहिली चूक. वास मी बरोबर ओळखला होता हे खरं. पण वास ओळखता येतो म्हणून नियम बाजूला ठेवायची सवय मी तिला त्या मिनिटाला शिकवत होतो.

टॉवरनं सांगितलेली दृश्यता, म्हणजे किती अंतरावरचं दिसतं तो आकडा, नियमात जेमतेम बसत होती. म्हणून आम्ही पूर्वेकडून उतरायला सुरुवात केली. असं उतरताना एक ठरलेली उंची असते, तिला आम्ही मिनिमम म्हणतो. त्या दिवशी ती जमिनीपासून साधारण पाचशे फुटांवर होती. तिथं पोचेपर्यंत काही दिसलं नाही तरी चालतं, उपकरणं वाट दाखवतात. पण तिथं पोचल्यावर समोर धावपट्टी किंवा तिचे दिवे दिसले पाहिजेत. दिसले तर पायलट म्हणतो 'कॉन्टॅक्ट' आणि खाली जातो. नाही दिसले तर म्हणतो 'गो-अराउंड', इंजिनांना पूर्ण ताकद देतो आणि वर जातो. तिसरा पर्याय नाही.

"मिनिमम," शलाका म्हणाली.

समोर सगळं करडं होतं. आणि तेवढ्यात डाव्या हाताला धूर जरासा फाटला. त्या फटीतून मला लांबलचक निळा पत्रा दिसला. दादाचं कोल्ड स्टोरेज! दादा म्हणजे माझा मावसभाऊ. हायवेच्या कडेला त्याचं निळ्या पत्र्याचं कोल्ड स्टोरेज, मी किती वेळा वरून पाहिलेलं. ते डाव्या हाताला आलं की समोर हायवे आणि हायवे ओलांडला की धावपट्टी. घराचं दार दिसल्यावर ओसरी कुठं आहे हे कोण विचारतं?

"कॉन्टॅक्ट," मी म्हणालो आणि विमान खाली जाऊ दिलं.

"काय दिसलं, सर?"

"कोल्ड स्टोरेज."

तिनं समोर पाहिलं, मग आकड्यांकडे.

"गो-अराउंड," शलाका म्हणाली. आवाज चढवला नाही, पण शब्द एकेक करून टाकले. "सर, गो-अराउंड."

आमच्या धंद्यात एक रीत आहे. दोघांपैकी कुणीही 'गो-अराउंड' म्हणालं की चालवणाऱ्यानं वर जायचं. वाद घालायचा तर वर जाऊन. ती रीत माझ्या हातांत इतकी मुरलेली होती की डोकं 'अगं, आलंच आहे' म्हणायच्या आत हातांनी इंजिनांना ताकद दिली होती. नाक वर, चाकं आत. अर्ध्या मिनिटात आम्ही परत लख्ख उन्हात होतो. मी 'कॉन्टॅक्ट' म्हणाल्यापासून आठ सेकंद गेली असतील. तेवढ्यात विमान मिनिममच्या खाली ऐंशी फूट उतरलं होतं.

वर आल्यावर शलाकानं टॉवरला कळवलं. मला तिचा राग आला होता, हे कबूल करतो. हिला काय माहीत इथलं, असंच माझ्या मनात होतं.

टॉवरनं नवी दृश्यता सांगितली. ती नियमाच्या खाली गेली होती, म्हणजे आता प्रयत्न करायचीही परवानगी नव्हती. आमच्याकडे घिरट्या घालायला वीस-बावीस मिनिटांचं इंधन होतं. त्यानंतर दुसऱ्या विमानतळावर जाणं भाग. पावणेनऊला ऊन धुराचं झाकण काढेल, हे मला घड्याळासारखं माहीत होतं. आमचं इंधन साडेआठपर्यंतचं. पंधरा मिनिटांनी गणित चुकत होतं. मी वीस मिनिटं घिरट्या घातल्या, खाली बघत राहिलो आणि धूर तसूभर हलला नाही. मग संभाजीनगरची दिशा धरली. प्रवाशांना माइकवरून सांगितलं. शेवटच्या उड्डाणाचं म्हणून चार वाक्यांचं भाषण पाठ केलं होतं, ते तसंच राहिलं.

संभाजीनगरला स्वच्छ हवा. लँडिंग अगदी मऊ झालं. ते कौतुकानं सांगायच्या मनःस्थितीत मी नव्हतो.

बेत साधा होता. इंधन भरायचं, तासाभरात नाशिकची हवा उघडली की परत निघायचं. म्हणजे माझं लँडिंग हुकलं नव्हतं, फक्त लांबलं होतं. विमानात इंधन चढत होतं तेव्हा मी आप्पांकडे आलो. त्यांना घाबरलेलं बघेन असं वाटलं होतं. आप्पा खुशीत होते.

"धूर लागला ना नाकाला?" ते म्हणाले. "काल सांजच्याला बापूला फोन केला मी. म्हणलं पारा उतरतोय, पेटवा. सगळ्यांना सांग म्हणलं. ऐकलं पोरांनी."

मला हसावं की रडावं कळेना. माझं लँडिंग ज्या धुरानं अडवलं, तो माझ्याच बापानं हैदराबादहून फोन करून लावला होता.

"आप्पा, थोडक्यात राहिलं हो," मी म्हणालो. "दादाचं कोल्ड स्टोरेज दिसलं होतं मला. निळा पत्रा. आलोच होतो."

आप्पांनी टोपी मागं सारली.

"दादाचा पत्रा कुठं निळा हाय आता? गेल्या साली पांढरा केला त्यानं. ऊन लय धरायचा."

"मग निळा कुणाचा?"

"ते माल पेट्यांत भरायचं नवं पॅकहाऊस झालंय ना, त्याचा आसंल. पर ते लय अलीकडं, चांगलं कोसभर. हायवे पण दिसत नाय तिथून." मग म्हणाले, "तिथं खाली तर समद्या बागाच हायेत."

मी तिथंच, सीटच्या हातावर बसलो.

कोसभर अलीकडं. म्हणजे समोर धावपट्टी नव्हतीच. हायवेही नव्हता. मी आणखी अर्धं-पाऊण मिनिट खाली जात राहिलो असतो तर समोर काय आलं असतं, हे मी तुम्हाला सांगू शकतो, कारण पुढं मी तिथं जाऊन पाहिलं. विजेच्या तारा, त्यामागं बाभळी आणि मग बागांचे वेल पेलणारे लोखंडी अँगल. सत्तर माणसं आणि आप्पा. एखाद्या परक्या पायलटला तो पत्रा दिसला असता तर त्यानं त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नसतं. त्याच्या लेखी तो नुसता पत्रा. ही चूक करायला पिंपळगावचाच माणूस लागतो, आणि तोही दोन वर्षं गावी धड न राहिलेला.

आता दोन रस्ते होते. मिनिममच्या खाली गेल्याचा रिपोर्ट द्यावाच लागतो. पण तो त्या दिवसात दिला की चालतो. संध्याकाळी नाशिकला बसून लिहिला असता तरी नियमात बसलं असतं. आत्ता सांगितलं तर मात्र चौकशी होईपर्यंत विमान चालवता येत नाही. चौकशीला महिना लागतो आणि माझ्याकडे तीन दिवस. म्हणजे आत्ता सांगणं म्हणजे ओझरच्या लँडिंगवर पाणी सोडणं. सहा महिन्यांचं स्वप्न, आप्पा पहिल्या रांगेत आणि आकाश उघडत चाललेलं.

मी कॉकपिटमध्ये गेलो. शलाका पुढच्या फेरीचे आकडे भरत होती. मला वाटलं, मी तीन दिवसांनी घरी जाईन. मागं ही राहील. महिन्यानं कुणीतरी या उड्डाणाचा डेटा उघडून बसेल आणि हिला विचारेल, कॅप्टन पत्रा बघून खाली गेले, हे माहीत असताना त्याच कॅप्टनबरोबर तासाभरात परत त्याच धावपट्टीवर कशी गेलीस? मी त्या वेळी बागेत फिरत असेन. उत्तर नोकरीला एकच वर्ष झालेल्या या पोरीला द्यावं लागेल.

मी चीफ पायलटना फोन लावला. ते माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. त्यांचं कॅप्टनचं ट्रेनिंग माझ्याच हाताखाली झालं होतं. मी सगळं सांगितलं, निळा पत्रा, ऐंशी फूट, मास्क, सगळं.

मग ते म्हणाले, "सर, तुम्ही संध्याकाळी लेखी द्या. आत्ता तुमचा फोन मला आलाच नाही असं समजू. जा, वडिलांना घेऊन उतरा."

"नाही. आत्ताच घ्या. आणि गो-अराउंड फर्स्ट ऑफिसरनं सांगितला, हे पहिल्या ओळीत लिहा."

"सर, मग मला तुम्हाला पुढची फेरी देता येणार नाही."

"माहीत आहे. तो नियम मीच तुम्हाला शिकवलाय."

फोन ठेवला. शलाकानं सगळं ऐकलं होतं. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "सर, रिपोर्ट मी लिहिणार होतेच. पण तुम्ही नाशिकला उतरल्यावर."

मी एवढंच म्हणालो, की पुढच्या वेळी असा चांगुलपणा करू नकोस. ती हो म्हणाली.

बदली क्रू यायला साडेअकरा वाजले. प्रवाशांनी यथेच्छ शिव्या घातल्या, आणि त्या माझ्या वाट्याच्याच होत्या. नव्या कॅप्टननं हात मिळवला आणि मी डाव्या सीटवरून उठलो. टोपी काढली आणि मागं आलो. आप्पांच्या शेजारच्या बाईंनी न सांगताच ओळखलं आणि जागा दिली.

"तू हितं कसा?" आप्पांनी विचारलं. "चालवणार कोण?"

"दुसरे आहेत. माझं आजचं संपलं."

पट्टा कसा लावायचा, हे आप्पांनी मला दाखवलं. सकाळीच शिकले होते.

नाशिकवर आलो तेव्हा धुराचा मागमूस नव्हता. खाली हिरव्या बागा, मधून पाटाची रेघ. एवढ्या वर्षांत खिडकीतून शांतपणे खाली बघायची सवड मला कधी मिळाली नव्हती. मला सगळ्या बागा सारख्याच दिसत होत्या. आप्पांनी काचेला बोट लावलं आणि म्हणाले, "ते बघ आपलं शेततळं. त्याच्या वरचे चार एकर आपले." आयुष्यात पहिल्यांदा वरून बघणारा माणूस, आणि बरोबर सांगत होता. त्यांना त्या मातीची खबर रोजची होती. माझी दोन वर्षांपूर्वीची.

चाकं टेकली तेव्हा आप्पांनी माझं मनगट धरलं. घट्ट. विमान वळून थांबेपर्यंत सोडलं नाही. मीही काढून घेतलं नाही. त्यांनी माझा हात असा शेवटचा कधी धरला होता, हे मी आठवून पाहिलं आणि आठवलं नाही.

बाहेर बापू एकटाच उभा होता. बाकीची माणसं वाट बघून कामाला गेली होती. रात्रभर जागून बाग वाचवली होती त्यांनी. बापूनं हार माझ्या गळ्यात घातला आणि आप्पांना विचारलं, "मग, कसं उतरवलं तुमच्या थोरल्यानं?"

"त्यानं कशाला उतरवलं?" आप्पा म्हणाले. "तो माझ्याजवळ बसून व्हता."

चौकशीचा निकाल दीड महिन्यानं घरी आला. कॅप्टनला सुधारणात्मक प्रशिक्षण द्यावं, अशी शिफारस होती. कॅप्टन तेव्हा बागेत माल काढत होता. शलाकाला प्रशंसापत्र मिळालं आणि गेल्या वर्षी ती कॅप्टन झाली.

माझ्या लॉगबुकात शेवटचं लँडिंग संभाजीनगरचं आहे. नाशिकच्या त्या फेरीत माझं नाव प्रवाशांच्या यादीत सापडेल. आप्पा मागच्या पावसाळ्यात गेले. बापाच्या शेजारी बसून उतरलो असं एकच लँडिंग मला मिळालं, आणि तेही ऐंशी फुटांच्या चुकीमुळे. यातून काय शिकावं ते मला अजून ठरवता आलेलं नाही. शिकाऊ पायलटांचे वर्ग घेतो, त्यांना मात्र एवढंच सांगतो, की शेजारचा 'गो-अराउंड' म्हणाला तर आधी वर जा, आणि स्वतःच्या गावी उतरत असाल तर तो म्हणायची वाटही बघू नका.